दुसरा रकाना

"शंभरातल्या अठ्ठ्याण्णव निबंधांत दोघांचं एकमत? नवरा-बायकोचंही एवढं जमत नाही हो," बाहेरून आलेल्या तपासनीस बाई हसत म्हणाल्या, आणि ताईने समोरची फाइल मिटली.

शिक्षण-संशोधनाच्या त्या कचेरीत ताई एकोणीस वर्षं दुसऱ्यांचे शोधनिबंध वाचत होती. सध्या विषय होता मुलांचा वर्गातला सहभाग. कोणी वर झालेले हात मोजून त्याला सहभाग म्हणे, कोणी हजेरीला, कोणी गृहपाठाला. म्हणून अशा निसरड्या कल्पनेचं एक कार्ड करायचं. त्यावर काय धरायचं, काय सोडायचं आणि काठावरचं एखादं उदाहरण लिहायचं. मग दोघांनी प्रत्येक निबंध वेगवेगळा वाचून आपापला रकाना भरायचा. जुळलं नाही, तर कारण लिहून सही करायची आणि कार्ड दुरुस्त करायचं. ही पद्धत तिला काकांनी शिकवली होती. "एकट्याने वाचलं की आपली चूकही शहाणी वाटते," ते म्हणत.

काका म्हणजे दुसरे वाचक. त्यांची नजर अधू झाली होती आणि निवृत्तीला तीन महिने उरले होते. कोणाला कळलं तर म्हाताऱ्याला उद्याच घरी बसवतील, म्हणून ताई त्यांचा रकानाही भरू लागली. काका ती बोट ठेवील तिथे सही करत. त्यांना कळत होतं का, हे विचारायची तिची हिंमत झाली नाही.

"आज एकच निबंध, दोन वेगळ्या खोल्यांत वाचा," तपासनीस बाईंनी कागद पुढे केले.

ताई आपल्या खोलीत जाऊन वाचू लागली. निबंधात एक मुलगी होती. वर्गात चकार शब्द न काढणारी, पण फळ्यावरचं सगळं उतरवून शेजारणीला समजावणारी. अशा किती मुलांपुढे ताईने दोन्ही रकान्यांत बिनदिक्कत 'सहभाग नाही' लिहिलं होतं! या रकान्यांवरून बनणाऱ्या अहवालावरून पुढल्या वर्षी तशी मुलं वेगळ्या वर्गात बसवली जाणार होती. काकांनी वाचलं असतं तर नक्की अडवलं असतं.

अर्ध्या तासाने काकांचा कागद आला. रकाना कोरा होता. खाली वेडीवाकडी अक्षरं होती: 'मला दिसत नाही. माझा रकाना ताईने माझ्या सांगण्यावरून भरला. दोष माझा.'

"खरंय का हे?" तपासनीस बाई आता हसत नव्हत्या.

नुसती मान हलवली की सुटका होती. घर तिच्या एकटीच्या पगारावर चालत होतं, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. मान हलवावी असं तिला फार वाटलं. तिने कागद ओढला आणि काकांच्या ओळींखाली लिहिलं: 'जुळत नाही. काकांनी सांगितलं नव्हतं. मी आपणहून भरला.'

तपासनीस बाईंनी वाचलं, फाइल उचलली आणि त्या साहेबांच्या खोलीत गेल्या. दार लागलं.

"काय लिहिलंस गं?" भिंत चाचपत आलेल्या काकांनी विचारलं.

तिने वाचून दाखवलं. निबंधातल्या त्या न बोलणाऱ्या मुलीबद्दलही सांगितलं.

"सही केलीस?"

"केली. काका, मला फार भीती वाटतेय."

"मलाही." ते तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. "कार्ड आहे ना अजून?"

कार्ड तिच्या मुठीत चुरगळलं होतं. तिने ते टेबलावर सपाट केलं.

"मग ती मुलगी काठावरचं उदाहरण म्हणून लिहून घे त्याच्यावर," काका म्हणाले. "आणि निबंध हळू वाच. मी ऐकतो."