बुडबुड्यांतले बाबा

बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. माझ्या वडिलांच्या फिशटँकसमोर निम्मी गल्ली हात जोडून बसली होती. पाण्यातल्या नळीतून एकेक बुडबुडा वर येत होता आणि शेजारी बसलेले श्वासगुरू त्याचा अर्थ सांगत होते.

"एक आला. म्हणजे होय. जावयाला नोकरी लागणार, ताई."

शेजारच्या काकूंनी डोळे पुसले आणि ताटलीत नोट टाकली. बाबा जिवंत असताना याच काकूंनी त्यांना कधी किती वाजले हेही विचारलं नव्हतं.

बाबा दम्याने गेले. "त्यांचा अडकलेला श्वास या पाण्यात मोकळा झालाय," असं गुरूंनी आईला सांगितलं होतं. मावशीनेच त्यांना घरी आणलं. इथवर मी गप्प बसलेही असते. बुडत्याला काडीचा आधार. पण गुरूंच्या सांगण्यावरून आईने इन्सुलिन बंद केलं होतं. औषध म्हणून ती रोज टाकीतलं वाटीभर पाणी प्यायची.

"आई, टाकीखालच्या कपाटातली बाबांची बाटली आता कोण बदलतं?"

"कसली बाटली? त्या कपाटाला कुणी हात लावायचा नाही. गुरुजी दार लावून एकटे बसतात तिथे ध्यानाला. मध्यंतरी बुडबुडे थांबले होते गं. ते बसले आणि परत सुरू झाले."

दुसऱ्या दिवशी सकाळी मासे पाण्याबाहेर तोंडं काढून धापा टाकत होते.

"बघ, नाम घेतायत," मावशी म्हणाली.

शेवटच्या दिवसांत मी बाबांना तसंच पाहिलं होतं. ते नाम घेत नव्हते.

मी टाकीखालचं कपाट उघडलं. बाबांची जुनी बाटली होतीच, शेजारी दोन नव्या, फेसाने भरलेल्या. आंबूस वास आला. बाबा पाणवनस्पतींसाठी हे करायचे: बाटलीत कोमट पाणी, साखर, चिमूटभर यीस्ट आणि घट्ट बुचातून टाकीत सोडलेली नळी. यीस्ट साखर खातं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. झाडं उजेडात तो शोषतात, अंधारात नाही. म्हणून बाबा झोपण्याआधी नळी बाहेर काढायचे. गुरूंना नुसते बुडबुडे हवे होते, तेही भरपूर, रात्रंदिवस; त्या वायूने मासे गुदमरत होते.

मी नळ्या काढल्या. तरी काही मासे गेलेच.

संध्याकाळी गर्दी जमायच्या आधी नळ्या पुन्हा आत सोडल्या. गुरूंनी डोळे मिटले तशी मी एक नळी उचलून पाण्याच्या ग्लासात धरली. बुडबुडे ग्लासात येऊ लागले.

"गुरुजी, बाबा आता ग्लासात आले का?"

"लेक बोलावेल तिथे बाप येतो," ते जराही न अडखळता म्हणाले. मागून कुणीतरी "वा!" म्हटलं.

मग मी स्वयंपाकघरातून आणखी एक बाटली आणली आणि तिची नळी दुसऱ्या ग्लासात सोडली. तसेच बुडबुडे.

"ही मी दुपारी केली. साखर आमच्या डब्यातली. हिच्यात कोण आहे? काकू, विचारा ना जावयाचं!"

कुणीतरी फिसकन हसलं. मी तिचं बूच सैल केलं. बुडबुडे थांबले. पुन्हा आवळलं. थोड्या वेळाने आले.

"जिथे लेकच बापाचा श्वास तोडते, त्या घरात मी थांबत नाही," म्हणत गुरू उठले. ताटली मात्र विसरले नाहीत. माणसं एकेक करून निघाली. काकू जिन्यात म्हणत होत्या, "काही म्हणा, सांगितलेलं खरं ठरतं हं त्यांचं."

"झालं समाधान?" मावशी मला म्हणाली. "तिला तेवढाच विसावा होता."

आई खुर्चीतून हलली नाही. "म्हणजे ते इथे नाहीत."

"नाहीत, आई."

"पहिल्यांदा गेले तेव्हा निदान घरात माणसं होती."

मी इंजेक्शन आणलं. तिने तोंड फिरवून बाही वर केली. अजून ती माझ्याशी धड बोलत नाही.

खरं सांगणाऱ्याला कुणी हार घालत नाही. तरी सांगा. चमत्कार करणारा दार लावून बसत असेल, तर दार उघडं ठेवायला सांगा. औषध बंद करा म्हणाला, तर त्यालाच बाहेर काढा. मेलेल्या माणसाला धरून ठेवायच्या नादात जिवंत माणूस हातचा जाऊ देऊ नका.