आक्काची सायकल नवी झाली

माघ सरत आला होता. भिंगारच्या माळावर पिवळट, विरळ, निष्पर्ण दुपार पसरली होती आणि चांदबीबीच्या महालाचा डोंगर त्या धूसर-धवल उजेडात दूर, आणखी दूर सरकल्यासारखा दिसत होता. छावणीच्या रस्त्यावरचे कडुनिंब पान पान गाळत होते. वारा होता, पण त्याला ओल नव्हती, गंध नव्हता; नुसता कोरडा, करडा, कण्हता वारा. त्या वाऱ्यातून दामोदर बोरुडे एक सायकल हातात धरून घराकडे चालला होता.

काय रूप होते तिचे! कृष्णकांत, तेजोमय, निष्कलंक. लुगडे नेसलेल्या बाईला सहज बसता यावे म्हणून मधली नळी कमानदार वळण घेऊन खाली उतरलेली. काळ्या रोगणावर केसाएवढी सोनेरी रेघ, चाकांच्या तारांवर ऊन, हँडलवर ऊन, घंटीच्या वाटीवर ऊन. वाटेत दोघा-तिघांनी थांबवून विचारले, कुठली हो ही? दामोदर थांबला, हसला, सांगून पुढे झाला. ती त्याच्या आक्काची सायकल होती आणि एकतीस वर्षांनी घरी येत होती.

दामोदरने सत्तरी गाठली होती, पण जुनी सायकल दिसली की या गृहस्थाचे भान सुटे. एका लग्नात मांडवाबाहेर कुणाची तरी विलायती सायकल टेकवलेली दिसली, तर हा पंगतीतून खरकट्या हाताने उठून तिच्यापाशी जाऊन बसला होता. नवरदेवापेक्षा त्या सायकलीचेच कौतुक त्या दिवशी जास्त झाले. पुढच्या चाकाच्या चिमट्याच्या खांद्यावरून तो कारखाना सांगे, दातेरी चक्राच्या नक्षीवरून घराणे सांगे, सीटखाली ठोकलेल्या आकड्यावरून साल सांगे. गंज, पोचे, ओरखडे तो पोथीसारखे वाचे. लांबलांबून लोक त्याच्याकडे मोडके सांगाडे घेऊन येत आणि झळझळीत सायकली घेऊन जात. आपल्याला लोखंडातले सगळे कळते, असे त्याला वाटे. तसे वाटायला जागाही होती.

पण हे सगळे ज्ञान एका पापातून उगवले होते.

यमुनाआक्का, त्याची थोरली बहीण, त्याच्याहून चौदा वर्षांनी मोठी. सोळाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली, सुईणपण शिकली, आणि इंग्रज जाताना छावणीच्या इस्पितळातली मेम आपली सायकल तिला देऊन गेली. त्या सायकलीवर बसून आक्का गावोगाव हिंडली. उन्हातान्हात, पहाटधुक्यात, ढेकळांतून, ओढ्यांतून. मागे औषधांची पेटी, पुढे कंदील. पंचक्रोशीतली निम्मी माणसे तिच्या हातांवर जन्मली. पुढे तिचे डोळे अधू झाले, ती शस्त्रक्रियेसाठी पुण्याला गेली, आणि मागे दामोदरने आपल्या पंक्चरच्या दुकानातले सामान ठेवायला दाराशी जागा हवी म्हणून ती जुनी सायकल भंगारवाल्याला विकून टाकली. त्या वेळी त्याला ती केवळ अडगळ वाटली होती.

शस्त्रक्रियेचा उपयोग झाला नाही. डोळ्यांवर अंधार घेऊन आक्का परतली, आणि दाराशी येताच तिने, जिथे सायकल टेकवलेली असे, त्या भिंतीकडे हात लांबवला. हात भिंतीला लागला, नुसत्या भिंतीला. तिने रागावावे, शिव्या द्याव्यात, रडावे म्हणून दामोदर वाट बघत राहिला, आणि ती काहीच बोलली नाही. त्याच संध्याकाळी तो भंगारवाल्याकडे धावला. तोवर सायकल पुढे गेली होती.

मग सुरू झाला शोध. भंगाराचे ढीग, बाजार, जत्रा, विहिरीवरची खोपटी, पडक्या शाळांची वळचण. वर्षामागून वर्षे, गावामागून गावे. खिशात परवान्याची जुनी पावती, तीवर सायकलीचा आकडा. त्या आकड्यासाठी त्याने हजार सायकली उलट्या केल्या, आणि त्या हजारांनी त्याला जाणकार केले. आक्का एवढेच म्हणे, “एकदा हात लागला पायजे तिला.” दुसरे मागणे तिने कधी मागितले नाही. ती चौऱ्याऐंशीची झाली होती, दिवसेंदिवस वाळत चालली होती, आणि दामोदर आता पावसापाण्यातही शोधाला निघे.

सापडली ती जामखेडच्या बाजारात, एका धारवाल्याकडे. स्टँडवर उभी करून, मागच्या चाकाला पट्टा जोडून, तो तिच्यावर कात्र्या-विळ्यांना धार लावत होता. चाक फिरत होते, ठिणग्या उडत होत्या. दामोदरने गुडघे टेकले, सीटखालचा मळ थुंकी लावून पुसला, आणि एक एक आकडा वर आला. सातही आकडे जुळले. भर बाजारात हा म्हातारा मोठमोठ्याने रडला, आणि आपल्या धंद्यावर कसली आफत आली ते न कळून धारवाला घाबरून उभा राहिला. दामोदरने त्याला बदली धडधाकट सायकल दिली, वर मिठी मारली.

तीन महिने. तीन महिने त्याने दुकानाचे दार आतून लावून घेतले. आक्काला चकार शब्द सांगितला नाही. सांगायची ती पूर्ण झाल्यावर, देखणी झाल्यावर. रॉकेलमध्ये भिजवून त्याने गंज उतरवला. थरावर थर चढलेला रंग खरवडला, खाली, आणखी खाली, नागडे राखाडी लोखंड दिसेपर्यंत. सीटचे कातडे एका अंगाला खचले होते, ते फेकून नवे ताणून बसवले. हँडलवर कंदिलाच्या कडीने घासून पडलेली खाच होती, ती भरून काढली. डुलणाऱ्या चाकांचा आऊट काढला, तारा बदलल्या, निकेल चढवले. केसाएवढी सोनेरी रेघ ओढली, ती कुठे हलली नाही. आयुष्यभराचे कसब त्याने त्या एका देहावर ओतले.

आणि खालच्या नळीच्या पोटाशी, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे, रंग निघाल्यावर बारीक चिरा दिसल्या. आखूड, आडव्या, एकीला लागून एक. दामोदरने चष्मा वर ढकलून त्या वाचल्या, आणि त्याला लगेच उलगडले. धारवाला! पाजळलेले पाते घासून बघायला मेल्याला हीच जागा सापडली! आक्काच्या सायकलीची ही विटंबना बघून तो संतापला. त्याने चिरांत पितळ वितळवून भरले, कानस फिरवली, वर लांबीचा लेप ओढला, पॉलिश पेपर मारला, बोटाला काही लागेनासे होईपर्यंत मारला. मग काळे रोगण, एक हात, दोन हात, पाच हात. ती जागा सगळ्या सायकलीत सर्वांत सुरेख उतरली.

आता तो दाराशी पोचला होता. अंगणात, उन्हाच्या शेवटच्या पट्ट्यात, आक्का बाजेवर बसली होती. पांढरे लुगडे, पांढरे केस, पांढरे डोळे.

“आक्का,” तो म्हणाला. “सापडली.”

ती उठली. एकतीस वर्षे मिटलेले काही तिच्या चेहऱ्यावर उमलले, आणि ती वाळकी, सुरकुतली, शिरा उमटलेली बोटे पुढे झाली. दामोदरने तिचे हात हँडलवर ठेवले. बोटे हँडलवरून फिरली, थांबली, पुन्हा फिरली. सीटवर गेली, सीट दाबून बघितली. कमानदार नळीवरून ओघळत खाली आली आणि मग, त्याला कळायच्या आत, खालच्या नळीच्या पोटाशी गेली. तिथे ती पुढे गेली, मागे आली, पुढे गेली, मागे आली. दामोदर बघत होता. त्याला अजून काही कळले नव्हते.

“आरं दामू,” आक्का हळूच म्हणाली, “ही माझी न्हाई.”

तो हसला. असे होईल हे त्याने गृहीतच धरले होते. पावती काढायला त्याने खिशात हात घातला.

“लई देखणी असंल,” ती म्हणाली. “पर माझी न्हाई. माझीला हितं खालून रेघा व्हत्या.”

“कसल्या रेघा?”

आक्का बाजेवर बसली. “जे लेकरू रडलं न्हाई, त्याची एक,” ती म्हणाली. “नाळंची कात्री व्हती ना, तिच्या टोकानं वढायची. येताना, वाटंतच थांबून. त्यांचं बारसं झालं न्हाई, त्यांना कुनी नाव ठेवलं न्हाई. आयबापांनीबी पुन्यांदा इषय काढला न्हाई. कुटंतरी असावीत ती, म्हनून.”

“किती व्हत्या?” त्याने विचारले.

“मोजल्या कदी? बोट फिरवायची नुसती. बोटाला समदी ठावी व्हती. डोळं गेल्यावर तेवडंच वाचता आलं आसतं मला. जायच्या आदी एकदा फिरवलं, की सुटलं म्हनायचं.”

ऊन अंगणातून गेले. दामोदरचा हात खिशात होता, आणि हातात ती पावती होती. सात आकडे, सातही जुळलेले, सातही खरे. बाहेर काढून वाचले की पुरे. मग ही सायकल तिचीच ठरली असती, आणि तिची ती निनावी, निःशब्द, न रडलेली सगळी लेकरे आपल्या भावानेच घासून पुसून टाकली, हे तिला कळले असते. एकदा त्याने सायकल घालवली होती. आता काय घालवले, त्याला त्याच्या भाषेत शब्द नव्हता. जन्मभर लोखंड वाचणाऱ्या माणसाला त्यातले हेच वाचता आले नाही.

त्याने रिकामा हात बाहेर काढला.

“बरोबर हाय, आक्का,” तो म्हणाला. “ही ती न्हाई. माझीच चूक झाली.”

“मग हुडक. कुटं जाती? लोखंड हाय, कुटंतरी असंल.” तिने चाचपडत त्याचे डोके शोधले आणि त्यावर हात ठेवला. “तू इकलीस म्हनून लई वर्सं राग व्हता मला. बोलले न्हाई. आता राग न्हाई. तू हुडकतोस, हे काय कमी हाय?”

ज्या क्षमेसाठी त्याने एकतीस वर्षे धूळ खाल्ली ती क्षमा त्याच्या डोक्यावर ठेवलेली होती, आणि ती घ्यायला त्याच्यापाशी तोंड उरले नव्हते. तो तसाच वाकून उभा राहिला. अंगणभर कडुनिंबाची पाने पडत होती.

आता दर मंगळवारी तो शोधाला निघतो. आक्का बाजेवरून विचारते, आज कोणतं गाव? तो एका गावाचे नाव सांगतो. मागून ती हाक देते, “नीट बघ रं, खालून हात लावून बघ!” तो हो म्हणतो. आक्काच्या सायकलीवर बसतो आणि आक्काची सायकल शोधायला जातो. गावाबाहेर कुठल्याशा झाडाखाली थांबतो, ती खोडाला टेकवतो, खाली बसून त्या काळ्या, नितळ, निष्कलंक नळीच्या पोटावरून बोट फिरवतो. पुढे, मागे, पुढे, मागे. काही लागत नाही. दिवस कलतो, मावळतो, आणि रिकाम्या हातांनी, तिच्याच चाकांवर, तो घरी येतो.