आतली कडी

उतू गेलेलं दूध. लिफ्टमधला तीन नंबर. कुणाचा तरी खोकला. डाव्या पायातली चप्पल.

"ही काय वाण्याची यादी?" हवालदार म्हणाला आणि अख्खा वर्ग हसला.

"हा जबाब आहे," फळ्यावर लिहिणाऱ्या प्रशिक्षक बाई म्हणाल्या. "हादरलेल्या माणसाला असंच तुटक आठवतं."

हादरलेल्यांशी कसं बोलावं हे शिकवणाऱ्या त्या वर्गात एक नर्स होती, शाळेतले मास्तर होते, हवालदार होता आणि पीडितांचे जबाब टाइप करणारा लेखनिक होता. समोरचं माणूस अडखळलं की गेली सव्वीस वर्षं तो म्हणत आला होता, "पहिल्यापासून सांगा." कचेरीत त्याचं नावच पडलं होतं, पहिल्यापासूनकाका.

मग सराव. लेखनिकाने टेबल-खुर्च्या कचेरीतल्या आपल्या खोलीसारख्या मांडल्या, नर्स तक्रारदार झाली. सवयीने त्याने आतून कडी घातली आणि दाराला पाठ करून बसला.

"काका, उघडा आधी ते," नर्स म्हणाली. ती हसत नव्हती. "कोंडल्यासारखं होतंय मला."

"अहो, कुणी डोकावू नये म्हणून घालतो मी!"

"ते तुम्हाला माहीत. तक्रार द्यायला आलेल्या बाईला कुठे माहितेय?"

त्याचा चेहरा उतरला. एक मुलगी दोनदा जबाब अर्धवट टाकून त्याच्यासमोरून उठून गेली होती. "नाटकं नुसती," असं तोच म्हणाला होता. उद्या तिची शेवटची तारीख. जबाब झाला नाही तर प्रकरण बंद.

दुसऱ्या दिवशी ती मावशीबरोबर आली. दाराजवळची खुर्ची त्याने तिला दिली, आपण भिंतीकडे सरकला. तिने दार ढकलून पाहिलं. उघडलं. लोटून घेतलं, पुन्हा ढकललं. मग बसली.

"कुठून सांगू?"

"येईल तिथून सांग, बाळा."

"त्याच्या हातात छत्री होती. ऊन होतं तरी."

सांगताना ती मागे गेली, पुढे आली, मध्येच अडखळली. सव्वीस वर्षांचं ते वाक्य त्याच्या जिभेच्या टोकावर आलं. त्याने ते गिळलं आणि छत्री टाइप केली.

सही करून तिने पेनाला टोपण लावलं. "मावशी, भूक लागलीय."

"अगं मग चल ना, बसलीस काय!" मावशीला रडू आलं होतं, पण हसू आधी फुटलं.

त्या गेल्यावर लेखनिकाने एवढा लांब श्वास सोडला की टेबलावरचे कागद हलले.

खोलीच्या आतल्या कडीचे चारही स्क्रू त्याने त्या दिवशी सकाळी, कचेरी भरायच्या आधी, स्वतःच्या हाताने काढले होते.