चार बोटांचा ढाळ

मी एक जुनी पत्र्याची पन्हळ आहे. खरे तर पन्हळीचा उरलेला अडीच हातांचा तुकडा. धायरीतल्या एका इमारतीत, चौथ्या मजल्याच्या गॅलरीत, पोटात माती घेऊन मी कोथिंबीर सांभाळते. मित्रांनो, तुमच्यापैकी कित्येकांनी पन्हळ पाहिलीही नसेल. उतरत्या छपराच्या कडेला आम्हाला बसवतात. छपरावरचे पाणी झेलायचे आणि घरापासून लांब नेऊन सोडायचे, एवढेच आमचे काम.

मंडईमागच्या एका लहान दुकानात मच्छिंद्र नावाच्या कारागिराने मला घडवले. मला न्यायला दशरथ आले होते. ते मूळचे वर्ध्याकडचे, खडकीच्या कारखान्यात कामगार. धायरीत त्यांनी पत्र्याच्या छपराचे घर बांधले होते. सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या हातांनी, विटा मातीत रचून. अशा भिंतीला एकच भीती असते, पायथ्याशी मुरणाऱ्या पाण्याची.

मच्छिंद्रने घरी येऊन मला छपराला लावताना माझे एक टोक दुसऱ्यापेक्षा चार बोटे खाली बसवले.

"वाकडी दिसते ना जी हे," दशरथ म्हणाले.

"सरळ दिसायला हवी असेल तर काठी घ्या. पाणी न्यायचं असेल तर ढाळ लागतो."

तेरा पावसाळे मी पाणी नेले. पावसाआधी दशरथ शिडीवर चढून माझ्यातला पाचोळा काढत. खालून त्यांची पत्नी कांताबाई म्हणत, "पन्हळीची आंघोळ झाली असंन, तर आता तुमीबी करा!"

पुढे त्यांचा मुलगा समाधान हिंजवडीच्या कंपनीत लागला. त्या मे महिन्यात त्याच्या बहिणीला, चैतालीला, पाहायला पाहुणे येणार होते. आईवडील एका नातेवाइकाच्या लग्नाला गावी गेले होते. समाधानने घर रंगवून घेतले, आणि माझ्याकडे पाहून त्याच्या कपाळाला आठी पडली. रंगाऱ्याकडून त्याने माझे खालचे टोक वर करून घेतले. माझ्यावर सपाटी तपासायची लेव्हलची बाटली ठेवली.

"चैताली, बघ! बुडबुडा एकदम सेंटरला!"

"बाबांना विचारलंस का?"

"अगं, सरप्राइज आहे."

खरे सांगते, तेव्हा मलाही बरे वाटले. नवा रंग, सरळ अंग. मी खुशीत होते.

दशरथ परतले, ते हातातली पिशवी खाली न ठेवताच अंगणात थांबले.

"काऊन रे समाधान, ढाळ कुठी गेला?"

"बाबा, आत्ताच रंग दिलाय. रविवारी करू."

दशरथांच्या गुडघ्यांना आता शिडी झेपत नव्हती. मच्छिंद्रच्या दुकानाच्या जागी मोबाइलचे दुकान आले होते. पहिल्या रविवारी समाधानला कंपनीत बोलावले. दुसऱ्या रविवारी तो दमून झोपला. तिसऱ्या रविवारी पाऊस आला होता.

पाणी माझ्यात साचू लागले आणि मधूनच काठावरून सांडू लागले, रोज त्याच जागी, भिंतीच्या पायाशी. कांताबाईंनी खाली टब ठेवला. तो घटकेत भरून वाहायचा. दशरथ डोक्यावर पोते घेऊन कुदळीने चर खणत राहिले. मी वरून सारे पाहत होते आणि तरीही सांडत होते.

एका दुपारी भिंत बसली. मोठा आवाजही झाला नाही. कांताबाई अंगणात होत्या म्हणून वाचल्या. समाधान धावत आला, तेव्हा दशरथ ओली वीट हातात घेऊन बसले होते.

"बाबा, माझं चुकलं."

"तुले कोनं सांगितलं होतं? मीच नाही सांगितलं कधी."

घर पुन्हा उभे राहिले नाही. जागा बिल्डरला गेली, तिथेच ही इमारत आली आणि तिच्यात आम्हाला हे घर मिळाले. माझा एवढा तुकडा दशरथांनी मागून घेतला. दोन वर्षांनी तेही गेले.

त्यानंतर एका सकाळी, माझ्यात पाणी साचून कोथिंबीर कुजलेली समाधानला दिसली. तो गुडघ्यांवर बसला. मग त्याने माझ्या एका टोकाखाली लाकडाचा तुकडा सरकवला, आपली चार बोटे आडवी धरून उंची मोजली आणि दुसऱ्या टोकाला पाण्यासाठी भोक पाडले.

मित्रांनो, घरातली एखादी वस्तू तुम्हाला वाकडी दिसली, तर सरळ करण्याआधी ती तशी का ठेवली आहे ते विचारा. ज्यांना ठाऊक आहे ती माणसे घरात आहेत तोवर विचारा. आणि मोठ्यांनो, मुलांनी विचारले नाही तरी सांगा.

आता माझा ढाळ अगदी बरोबर आहे. पावसाळ्यात माझ्यातून पाणी थेंबथेंब निघून जाते. फक्त माझ्यामागे वाचवायला ती भिंत नाही.