जिन्यातला डबा

ऑफिसात तिला सगळे रीस्टार्टताई म्हणत. कोणाचीही तक्रार आली की ती आधी "एकदा बंद करून चालू करा" एवढंच सांगायची, आणि दहातली आठ माणसं पुन्हा फोन करायची नाहीत. ऑफिस हवेतली धूळ मोजायचं आणि ताई तिथे तंत्रज्ञ होती. शहरभर लोकांच्या गच्च्यांवर, खिडक्यांत, जिन्यांत तिने बावन्न डबे बसवले होते. डबा म्हणजे खरोखर डबाच, पांढरा, प्लास्टिकचा. आत पत्त्यांच्या कॅटाएवढा एक कॉम्प्युटर आणि धूळ मोजणारं यंत्र. वीज आणि इंटरनेट ज्याच्या घरी डबा त्याचं.

डब्यांमधली ऑपरेटिंग सिस्टिम इतकी जुनी झाली होती की ती बनवणाऱ्यांनीच तिच्याशी संबंध तोडले होते. साहेब म्हणाले, "बदलून टाका. इथे बसल्या बसल्या होईल ना?"

"होईल," ताई म्हणाली.

एक्कावन्न डब्यांचं झालंही. प्रत्येकाला पावणेदोन तास लागले. ताई खुर्चीत बसून पडद्यावर सरकणाऱ्या ओळी बघत राहिली, कारण बघण्याने काही होत नसलं तरी न बघितल्याने काहीतरी होतंच असा तिचा अनुभव होता. बावन्नावा डबा मंगळवारी दुपारी एकला सुरू केला आणि बरोबर दोनला तो गप्प झाला. अपग्रेड अर्धवट. आता तो जुनाही नव्हता आणि नवाही नव्हता. बंद करून चालू करायला सांगावं तर फोन कोणी उचलेना.

बुधवारी ताई नवं मेमरी कार्ड आणि लॅपटॉप घेऊन स्वतःच निघाली.

बस डेपोच्या मागच्या गल्लीत ते दुमजली घर होतं. वर थोरल्या काकू, खाली धाकट्या. सख्ख्या जावा. दोघींचे नवरे, म्हणजे दोघे भाऊ, हौशी होते. त्यांनीच डबा मागून घेतला होता आणि भांडण नको म्हणून जिन्याच्या मधल्या वळणावर बसवून घेतला होता. वीज वरून, इंटरनेट खालून. पुढे दोघे भाऊ वर्षभराच्या अंतराने गेले आणि सासूबाईंच्या शिलाई मशीनवरून जावांचं बोलणं बंद झालं. त्यालाही आता सहा वर्षं झाली होती. मशीन जिन्याखाली उभं होतं. ते कोणीच वापरत नव्हतं.

ताईने डबा उघडला, जुनं कार्ड काढून नवं घातलं, लॅपटॉप जोडला. कार्ड नवं असलं तरी यंत्राचा प्रोग्राम डब्यातच तयार व्हायचा होता, म्हणजे पुन्हा पावणेदोन तास वीजही हवी आणि नेटही. दीड वाजता काम सुरू करून ती वर गेली.

"काकू, सव्वातीनपर्यंत लाइट घालवू नका हं."

"मी कशाला घालवू?" थोरल्या काकू म्हणाल्या. ताई जायला वळली तेव्हा म्हणाल्या, "दोन ते चार मेन स्विच बंद असतो, तेवढंच."

"रोज?"

"रोज. मी आडवी होते. मी झोपल्यावर फ्रिजने एकट्याने घरघर करत बसायचं, हे बरं दिसतं का? त्यालाही विश्रांती नको?"

ताई तिथेच पायरीवर बसली. डबा बंद असला की ऑफिसातल्या मोठ्या कॉम्प्युटरला काही मिळत नसे, आणि काही मिळालं नाही की तो शून्य लिहीत असे. या गल्लीत दुपारी दोन ते चार हवा विलक्षण स्वच्छ असते असं ऑफिसने दोन वर्षांमागे शोधून काढलं होतं. साहेबांनी त्यावर एका परिषदेत वीस मिनिटं भाषण केलं होतं. गल्लीतल्या झाडांना त्यांनी श्रेय दिलं होतं. गल्लीत तीन झाडं होती.

"आजच्या दिवस चालू राहू दे," ताई म्हणाली.

"राहू दे. पण खालचीला सांग, तुझ्या त्या डब्यापायी माझी झोप गेली म्हणून."

खाली धाकट्या काकू बुटांच्या नाड्या बांधून दारातून उठत होत्या. हात राउटरच्या बटणाकडे निघालेला.

"काकू, बंद करू नका!"

"घरात कोणी नसताना दिवे कशाला लुकलुकायला हवेत? मी फिरायला निघाले."

"भर दुपारी?"

"मग कधी? मला दमा आहे. तुमच्याच ऑफिसचा कागद लागलाय कोपऱ्यावरच्या बोर्डावर. श्वासाचा त्रास असणाऱ्यांनी दोन ते चार या वेळेत फिरावं. दोन वर्षं एक दिवस चुकवला नाही. औषध मात्र वाढतंच आहे. डॉक्टर म्हणतात, वय."

तो कागद ताईनेच टाइप केला होता.

"आज जाऊ नका," ती कसंबसं म्हणाली. "सव्वातीनपर्यंत थांबा. मग सांगते."

"वरचीने काही सांगितलंय का?"

"त्यांची झोप गेली म्हणाल्या."

"बरं झालं," धाकट्या काकू म्हणाल्या आणि बूट न काढता खुर्चीत बसल्या.

पुढचा दीड तास ताई जिन्यात बसून ओळी बघत होती. अडीचला डेपोत बसगाड्या परतू लागल्या. एकेक गाडी इंजिन चालू ठेवून गल्लीच्या तोंडाशी रांगेत उभी राहिली. तीन वाजून बारा मिनिटांनी डबा आपोआप बंद झाला, चालू झाला, आणि त्याने गल्लीतला दुपारचा पहिला खरा आकडा दाखवला. एकशे अडुसष्ट. साठच्या वर गेला की दम्याच्या माणसाने खिडकी लावून घ्यावी, असं ऑफिसच्याच दुसऱ्या एका कागदात होतं.

यंत्रावर धूळ बसली असेल म्हणून ताईने ते पुसलं. एकशे एकाहत्तर.

वर थोरल्या काकू कठड्याला टेकून उभ्या होत्या, खाली धाकट्या दारात. दोघी ताईकडेच बघत होत्या, म्हणजे एकमेकींकडे बघावं लागत नव्हतं. ताईने ऑफिसला दोष देऊन मोकळं व्हावं असा विचार केला. मग तिने सगळं सांगितलं. शून्य कसं पडायचं, कागद कोणी टाइप केला, आणि दुपारी दोन ते चार म्हणजे दिवसातली सगळ्यात वाईट वेळ कशी.

"म्हणजे मी स्विच बंद करायचे," थोरल्या काकू सावकाश म्हणाल्या, "आणि ही त्या धुरात जायची?"

"चूक आमची आहे, काकू. शून्य म्हणजे माहिती नाही, हे आम्हाला कळायला हवं होतं."

थोरल्या काकूंनी तिच्याकडे लक्षच दिलं नाही. त्या दोन पायऱ्या खाली उतरल्या.

"दोन वर्षं मी वरून तुझा खोकला ऐकतेय," त्या थेट खाली बघून म्हणाल्या. "मला वाटायचं, मला ऐकवायला खोकतेस."

धाकट्या काकू म्हणाल्या, "काहीतरीच काय, वहिनी? एवढा वेळ कोणाला आहे?"

"बूट काढ आधी," थोरल्या काकू म्हणाल्या आणि वर निघून गेल्या. दार आपटलं नाही.

ताईने डब्याचे चार स्क्रू लावले.

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना सांगितलं. "झाडांचं काय?" त्यांनी विचारलं. झाडांचा काही दोष नाही, असं ताई म्हणाली. साहेबांनी चूक मान्य करणारं पत्रक लिहायला घेतलं. त्याचे सात मसुदे झाले आणि प्रत्येक मसुद्यात चूक थोडी लहान होत गेली. सातवा हाती आला तेव्हा ताईने तो बाजूला ठेवला आणि पहिलाच छापून घेतला. सही मात्र साहेबांनी केली, न वाचता.

तो कागद बोर्डावर लावायला ती स्वतः गेली. जुना इतका घट्ट चिकटला होता की चाकूने खरवडावा लागला. परत जाताना ती त्या घरी डोकावली. धाकट्या काकू आता सकाळी फिरायच्या. आकडा फोनवर कसा बघायचा हे ताई दोघींना शिकवायला बसली होती, पण धाकट्यांनी ते शिकायला साफ नकार दिला होता.

"सकाळी सहाला खालून हाक मारते," थोरल्या काकू तक्रारीच्या सुरात म्हणाल्या. "वहिनी, आकडा किती? चष्मा शोधा, फोन शोधा. आज एकेचाळीस म्हटलं, तर म्हणते काल छत्तीस होता, नीट बघा."

"मग?"

"मग काय, बघितला पुन्हा. एकेचाळीसच होता."