वळलेली मूठ

विद्याश्रीबाईंना पहिला झटका आला तो आठवीच्या वर्गात, अपूर्णांक शिकवताना. फळ्यावर छेद लिहायला हात उचलला आणि छातीत कुणीतरी आतून दार बडवावं तसं सुरू झालं. बोटांना मुंग्या आल्या. खडू पडला. मुलींचे चेहरे लांब गेले आणि बाईंना एकच गोष्ट लख्ख कळली, की आपण आता मरणार.

त्या मेल्या नाहीत. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, तिथं कार्डिओग्राम काढला, तो स्वच्छ आला. डॉक्टर हसून म्हणाले, "काही नाही हो बाई. गॅसेस असतील. टेन्शन घेऊ नका."

टेन्शन घेऊ नका. जणू ते बाजारात मांडून ठेवलेलं असतं आणि विद्याश्री पिशवी घेऊन रोज आणायला जाते.

ऑगस्ट अठ्ठ्याण्णवची ही गोष्ट. दिवाळीपर्यंत असे झटके कितीतरी वेळा आले. शाळेत आले, भाजी मंडईत आले, एकदा माहेराहून येताना गडहिंग्लजच्या एसटीत आला आणि कंडक्टरनं बस थांबवली. जो तो आपापलं निदान घेऊन आला. सासूबाई नीलम्मा मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकू लागल्या. नणंदेनं सांगितलं, दोन मुलं आणि नोकरी, झेपत नाही बाईच्या जातीला. नवरा वीरेश, लक्ष्मीपुरीत त्याचं शेतीपंपांचं दुकान, तो म्हणायचा, "आपल्याला काय कमी हाय? सोडून टाक की नोकरी." हे तो प्रेमानंच म्हणायचा. म्हणून तर जास्त लागायचं. बारा वर्षं गणित शिकवलेल्या बाईला जगातला सगळा इलाज घरी बसण्यातच सापडावा?

शाळेत तर त्याहून कहर चालला होता. ती संस्थेची शाळा, आणि संस्था म्हणजे सचिव सयाजीराव. जूनमध्ये शाळा उघडली त्याच दिवशी त्यांनी बाईंकडून दहावीचं गणित काढून घेतलं आणि पुतण्याला, राजवर्धनला, दिलं. राजवर्धन नुकता बी.एड. होऊन आलेला. त्याला नाव करायचं होतं, आणि नाव दहावीत होतं. सगळ्या शिक्षकांसमोर साहेब म्हणाले, "बाई, तुमास्नी आता जरा हलकं काम देतो. आठवी घ्या. आराम पडंल." बाई 'बरं' म्हणाल्या. घरी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "माझं काही म्हणणं नाही." आणि खरोखर त्यांना तसंच वाटलं.

मग झटके आल्यावर साहेबांना आयतंच मिळालं. "बघा, मी म्हणत नव्हतो?" असं ते मुख्याध्यापक चौगुले सरांना स्टाफरूममध्ये ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले.

शेवटी बाईंनी स्वतःच राजारामपुरीतल्या एका मानसोपचार डॉक्टरांचं नाव शोधून काढलं. डॉ. मोना घाटगे. वीरेश सोबत आला, पण स्कूटर त्यानं दोन गल्ल्या अलीकडं लावली. "तिथं जागा नसती," म्हणाला. रस्ता मोकळा होता. बाईंना दिसत होतं, त्यालाही दिसत होतं. दवाखान्याच्या पाटीखाली ओळखीचं कुणी भेटू नये एवढंच कारण. बाई एकट्याच पुढं होऊन जिना चढल्या.

डॉ. मोना पस्तिशीच्या, कापलेल्या केसांच्या, बोलायला तुटक. सगळं ऐकून घेतलं. रक्त, थायरॉईड, सगळे कागद बघितले. मग म्हणाल्या, "झटका येतो तेव्हा पहिल्यांदा शरीरात कुठं कळतं?"

"छातीत."

"त्याच्या आधी?"

इतक्या महिन्यांत हे कुणी विचारलंच नव्हतं. लोकांनी सांगितलं होतं फक्त.

"ठाऊक नाही," त्या म्हणाल्या.

"मग ते बघायचं. दिवसातून दोन-चार वेळा जिथं असाल तिथं थांबायचं. पायाच्या तळव्यापासून वर जायचं. कुठं ताठलंय, कुठं गरम आहे, श्वास कुठवर उतरतोय. बदलायचं काही नाही. फक्त लक्ष द्यायचं."

"आणि शांत व्हायचं?"

"शांत व्हा म्हटलं का मी?"

बाई जिना उतरल्या त्या चिडूनच. गोळी नाही, इंजेक्शन नाही, नुसतं बघायचं म्हणे. पण गणिताच्या बाई. दिलेला अभ्यास न करणं त्यांच्या हाडात नव्हतं.

भाकरी थापताना लक्ष दिलं, तर दोन्ही खांदे कानाला लागले होते. भाकरी थापायला खांदे कशाला लागतात? सकाळी तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसल्या, तर डोळे मिटलेले, ओठांवर नामस्मरण, आणि श्वास कोंडून धरलेला. रात्री जेवताना वीरेश म्हणाला, "काय ठरलं मग, नोकरीचं?" तेव्हा लक्ष गेलं, तर दातावर दात घट्ट आणि जीभ टाळूला चिकटलेली. शब्द बाहेर पडू नये म्हणून आतून कडी लावावी तशी. आणि शाळेत, साहेबांच्या जीपचा आवाज फाटकाशी आला की पोटात आधी खड्डा पडायचा, मग तिथून काहीतरी कढत वर चढायचं, कानांपर्यंत. छातीची धडधड त्याच्या मागून यायची. आणि उजवा हात साडीच्या निऱ्यांत लपलेला असायचा. त्याची मूठ वळलेली असायची.

पुढच्या खेपेला हे सगळं त्यांनी डॉक्टरांना सांगितलं.

डॉ. मोनांनी विचारलं, "भीती वाटली की तुम्हाला काय करावंसं वाटतं?"

"पळून जावंसं."

"मूठ वळून पळतात का?"

बाईंनी आपल्या उजव्या हाताकडं बघितलं. मग हळू म्हणाल्या, "म्हणजे मला राग येतोय?"

"मला काय विचारता? हात तुमचा आहे."

त्या दिवशी राजारामपुरीतून घरापर्यंत बाई चालत गेल्या. वाटेत त्यांना जून आठवला. 'हलकं काम'. 'आराम पडंल'. आपण म्हटलेलं 'बरं'. तोंडानं म्हटलं होतं. बाकीच्या अंगानं म्हटलं नव्हतं, आणि ते अंग तेव्हापासून दार वाजवत होतं. आणि सगळे मिळून काय म्हणत होते? दार वाजतंय, म्हणजे दारात बिघाड आहे.

इतका राग त्यांना आयुष्यात आला नव्हता. गंमत म्हणजे त्या रागात छाती अजिबात धडधडली नाही. पाय भराभर पडत होते आणि श्वास पार पोटापर्यंत जात होता.

फेब्रुवारीत शिक्षकांची सभा लागली. बाई कायम शिक्षिका होत्या, त्यांना काढता येत नव्हतं. त्यांनी स्वतःहून जायला हवं होतं. चहा झाला, परीक्षांचं बोलून झालं, आणि सयाजीरावांनी एक टाईप केलेला कागद टेबलावरून पुढं सरकवला. प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा. खाली सहीची जागा तेवढी मोकळी.

"बाई, तब्येत महत्त्वाची," साहेब म्हणाले. "शाळा काय, आज हाय उद्या न्हाय. पोरींच्या समोर असं काय व्हायला लागलं तर त्येंच्या मनावर परिणाम हुतो. तुमी घरात ऱ्हावा, पोराबाळांचं बघा. सगळ्यांचं असंच मत हाय."

बाईंनी सगळ्यांकडं बघितलं. सगळे आपापल्या कपात बघत होते.

आणि ते आलं. पोटात खड्डा. बोटांना मुंग्या. कागदावरची अक्षरं लांब गेली. साहेबांच्या चेहऱ्यावर एक समाधान उमटलं. इथंच, सगळ्यांदेखत, बाई कोसळल्या तर सहीचं काम आणखी सोपं.

पण आता बाईंना हा रस्ता ठाऊक होता. आधी खड्डा, मग कढ, मग धडधड. मरण यात कुठंच नाही. त्यांनी तळवे फरशीवर दाबले. चप्पल, तिच्याखाली फरशी, फरशीचा गारवा. दात सोडवले, जीभ खाली आणली. श्वास घ्यायच्या आधी सोडला, लांब, शेवटपर्यंत. धडधड थांबली नाही. कमी झाली, एवढंच. तेवढ्यानं भागत होतं. कानांकडं चढणारा कढ त्यांनी चढू दिला. तो त्यांचाच होता.

"साहेब," त्या म्हणाल्या. "माझे हात थरथरतायत. ते मी लपवत नाही, सगळ्यांनी बघा. पण क्रम चुकवू नका. मी आजारी पडले म्हणून दहावी गेली असं तुम्ही सांगत फिरताय. दहावी जूनमध्ये काढून घेतली. मी आजारी पडले ऑगस्टमध्ये. ऑगस्ट जूनच्या आधी येतो का? आठवीच्या पोरीला विचारा, ती सांगेल."

"बाई, आवाज खाली."

"आवाज माझा असाच हाय. शेवटच्या बाकापर्यंत जायला लागतो." राग आला की बाईंच्या तोंडी गावची बोली यायची, तशी आली. "राजवर्धनला शिकवायचं तर शिकवू दे की. माझ्या शेजारी दुसरी तुकडी घेऊन शिकवू दे, मीच त्याला मदत केली असती. पण त्याच्यासाठी जागा करायला तुम्ही मला हलक्या कामाची केली, आणि त्या अपमानानं माझा जीव गुदमरला तर त्याचाच दाखला करून मला घरी घालवायला निघालात. ह्यावर सही न्हाई करणार मी. आज न्हाई आणि पुढंबी न्हाई."

बोलता बोलता डोळ्यांतून पाणी आलं. तेही त्यांनी येऊ दिलं. पदरानं पुसलं आणि बसल्या.

शेवटी चौगुले सर घसा खाकरून म्हणाले, "हा विषय आपण पुढच्या सभेत घेऊ." साहेब ताडकन उठून जीपकडं गेले.

व्हरांड्यात मराठीचे माने सर मागून आले, इकडं तिकडं बघत कुजबुजले, "बाई, बरं केलंसा. लई दिवसांचं आमच्या मनात हुतं."

"मग आत का न्हाई बोलला?" बाईंनी विचारलं.

माने सरांना तास आठवला.

बाई घरी पोचल्या तेव्हा वीरेश दारातच. कुणीतरी दुकानात फोन करून सांगितलं होतं. "अगं, साहेबांना असं बोलतात का? उद्या गावात आपल्याला..."

"उद्या गावात काय?" बाई म्हणाल्या. "तुम्ही स्कूटर दोन गल्ल्या अलीकडं लावता, ते मी बघितलंय. पाय मोडला असता तर दवाखान्याच्या दारात लावली असती. लाज माझ्या आजाराची वाटते ना तुम्हाला? मला माझ्या 'बरं'ची वाटते."

वीरेश आत गेला. स्वयंपाकघराच्या दारात नीलम्मा उभ्या होत्या. आता मीठमिरच्या येणार, असं वाटून बाई 'नको' सांगायला वळल्या, पण सासूबाई तशाच उभ्या राहिल्या.

"मलाबी हुयाचं की असं," त्या म्हणाल्या.

"काय, अव्वा?"

"हेच. थरथर. जीव जातोय असं." त्या दाराला टेकून खाली बसल्या. "वीरेशच्या आधी एक पोरगी हुती मला. म्हयन्याची व्हऊन गेली. सासरा म्हणाला, पोरगीच हुती, रडायचं न्हाई, सुगी चाललीया. म्हायेराला धाडलं न्हाई. मग रानात एकदा हात थरथराया लागलं ते थांबंनात. अंगात आलंय म्हणून देवऋष्याकडं नेलं. त्यानं केस धरून मारलं. चार बायकांनी हात धरल्यालं."

विद्याश्रीबाई जिथं होत्या तिथंच खाली बसल्या.

"कुणाला सांगितलं न्हाई?"

"कुणाला सांगायचं? भुताचं नाव काय, एवढंच इच्यारत हुती सगळी."

बाईंच्या कानांपर्यंत कढ चढला. आज दुसऱ्यांदा, आणि हा पहिल्यापेक्षा मोठा होता. चाळीस वर्षं हे लेक गेल्याचं दुःख या घरात भूत म्हणून सांगितलं गेलं होतं. त्यांनी सासूचा हात हातात घेतला. तो गार होता आणि अजून थोडा थरथरत होता. आतल्या खोलीतून वीरेशच्या हालचालीचा आवाज थांबला होता. तो ऐकत होता.

"काय नाव ठेवलं होतं?" बाईंनी विचारलं.

नीलम्मांनी नाव सांगितलं. मग त्या रडल्या, मोठ्यानं, आणि कुणी त्यांना गप्प केलं नाही. वीरेश बाहेर आला, आईच्या पलीकडं भिंतीला टेकून बसला. त्या संध्याकाळी त्यानं दुकान उघडलं नाही.

राजीनाम्याचा विषय पुढच्या सभेत निघाला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. बाई शिक्षक संघटनेत जाऊन आल्या, तिथून एक पत्र आलं आणि साहेबांचा स्वर बदलला. दहावी मात्र लगेच मिळाली नाही. राजवर्धनच्या वर्गाचा निकाल पडला, मुलींचे पालक फाटकाशी येऊन भांडले, तेव्हा एक तुकडी परत आली. तीही 'तात्पुरती' म्हणून. बाईंनी ती घेतली. आणि तात्पुरती या शब्दाबद्दल साहेबांना जे सांगायचं ते त्यांच्या तोंडावर सांगितलं.

झटके अजून येतात. कमी येतात, आणि आले तरी बाई घाबरत नाहीत असं नाही. घाबरतात. मग जिथं असतील तिथं थांबतात, तळव्यांपासून सुरुवात करतात, आणि वर जाता जाता एक प्रश्न विचारतात की आत्ता कुणी काय केलं. बऱ्याचदा कुणी काही केलेलं नसतं, नुसती झोप कमी झालेली असते. पण कधी कधी केलेलं असतं.