रिकाम्या कॅनमधला आवाज

मित्रांनो, मी एक जुना दुधाचा कॅन आहे. माझ्या पोटाला पोचे पडले आहेत, एक कान तुटला आहे आणि डोक्यावरचं झाकण दुसऱ्याच कुणाचं आहे. पण एके काळी चकलांबा गावची धडधाकट माणसं मला घाबरत असत. कशी, ते सांगतो.

कारखान्यात हातोड्यांचे घाव सोसून मी घडलो. गावच्या दूध सोसायटीत आलो तेव्हा मला हळदकुंकू लावून नारळ फोडला होता. रोज सकाळी बायामाणसं चरव्या घेऊन यायची. कोमट दुधाची धार पोटात पडली की अंगावर शहारा यायचा. सेक्रेटरी गहिनीनाथ मला स्वतःच्या हातांनी घासायचे.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. गुरं बाजारात गेली, ती परत आली नाहीत. निम्मं गाव ऊस तोडायला दूर निघून गेलं. दूध बंद झालं, तशी गहिनीनाथांनी सोसायटीच्या दाराला नुसती कडी घातली. दुपारी गाव इतकं गप्प असे, की बंद घरांच्या दारांना लावलेले बाभळीचे काटे वाऱ्यानं फळ्यांवर खरवडत, तेवढंच ऐकू येई.

अशाच एका दुपारी कडी वाजली. माझ्या तोंडाशी कुणाचा तरी ऊन श्वास लागला आणि आत आवाज शिरला. "हूंऽऽऽ." तो माझ्या पोटात फिरला आणि बाहेर पडला तेव्हा जाडाभरडा झाला होता. आत कुणी दुसरंच दबा धरून बसलं असावं, असा. खरं सांगतो, मीही भ्यालो.

ती विमल होती, शहादेवची लेक. वय सात-आठ, पण एक शब्द बोलत नसे. कुणाच्या डोळ्यांत बघत नसे. भांडं पडलं की कान दाबून स्वतःचं मनगट चावायची. ट्रकचा आवाज तिला सोसवेना, म्हणून आईबाप ऊसतोडीला जाताना तिला चुलतीपाशी, चंद्रभागाबाईपाशी, ठेवून गेले होते.

मागं राहिलेल्या माणसांना एवढंच कळलं, की सोसायटीतला रिकामा कॅन बोलतो. त्या बोळातून कुणी जाईना.

पोरीला शोधत चंद्रभागाबाई मात्र आत आली. विमल माझ्या गार अंगाला गाल लावून घुमत होती. चुलतीनं दंड धरून ओढलं, तशी ती किंचाळली. चंद्रभागाबाईनं हात सोडला आणि मागं बसून दोन्ही तळवे तिच्या पाठीवर घट्ट दाबून धरले. पोर हळूहळू सैल झाली आणि चुलतीच्या अंगावर रेलली.

त्याच दिवशी चंद्रभागाबाईनं मला डोक्यावर घेऊन घरी आणलं. अशा पोरीला कसं सांभाळावं, ते तिला ठाऊक नव्हतं. करून बघायची, चुकायची, पुन्हा वेगळं काही करायची. वासाच्या तेलानं पोर ओकली, तर करडईचं तेल घेतलं आणि रोज तळपाय रगडले. स्वतःची काकणं वाजू नयेत म्हणून त्यांना चिंध्या बांधल्या. विमल बिथरली की तिला घोंगडीत गच्च गुंडाळायची. सकाळी माझ्यात नदीची वाळू भरायची. विमल मला ढकलत अंगणभर न्यायची, मग ओंजळीनं वाळू उपसायची आणि त्यानंतर शांतपणे भाकरी खायची. दुपारी मी रिकामा असे. तेव्हा तिचं घुमणं. मनगटावरच्या जखमा सुकू लागल्या.

पण गावची विहीर आटली आणि आळीतला आश्रुबा दोन माणसं घेऊन अंगणात उभा राहिला.

"वयनी, ह्या कॅनमदी बाधा हाय. ह्याच्यापायीच हीर आटली. ह्येला आमी खड्ड्यात पुरतो. अन् पोरीला भगताकडं न्या, डाग द्या, म्हंजी बोलती हुईल."

"लेकराला डागायचं? कावून? तिनं कुणाचं काय केलंय?" चंद्रभागाबाई आडवी आली.

विमल माझ्या पलीकडं बसली होती, माझ्या तोंडाशी तोंड लावून. आश्रुबानं मला उचलायला हात घातला, तोच माझ्या पोटातून आवाज आला.

"का... कू."

आटलेल्या विहिरीच्या तळातून यावा तसा घोगरा. एक माणूस चप्पल टाकून पळाला. आश्रुबाला दरदरून घाम फुटला. चंद्रभागाबाईच्याही अंगावर काटा आला, कारण हा आवाज तिनं जन्मात ऐकला नव्हता.

"काकू," मी पुन्हा म्हणालो. छे, मी कसला!

चंद्रभागाबाई मटकन खाली बसली. "ओ माय! ओ! हितंच हाय मी!"

मग ती आश्रुबाकडं वळली. "भावजी, पळू नका. हात लावून बघा. हळू."

त्याचा तळवा माझ्या पोटावर टेकला. पोरीचं घुमणं त्याच्या हातात उतरलं. बराच वेळ त्यानं हात काढला नाही.

"पोरगीच हाय की," तो म्हणाला.

"मंग कोण असंल?"

दुसऱ्या दिवशी वाळूचं घमेलं आश्रुबानंच आणलं.

विमल पुढंही फार बोलली नाही. मोजके शब्द, तेही तिच्या मर्जीनं. सोसायटी पुन्हा सुरू झाली, तेव्हा गहिनीनाथ मला न्यायला आले. विमल मला अंगणभर ढकलत होती, ते त्यांनी बघितलं. "ऱ्हाऊ द्या," म्हणाले आणि रिकाम्या हातानं परतले.

मित्रांनो, तुमच्या वर्गात, तुमच्या आळीत असं एखादं लेकरू असेल. त्याला ओढू नका, हसू नका. शेजारी बसा. त्याला काय सोसतं, काय टोचतं, ते बघा. आणि कधी त्याची हाक तुम्हाला ओळखू न येणाऱ्या आवाजात आली, तर भ्यालात तरी चालेल. पण ओ द्या.